खड्ड्यात उतरलेली माणसं

१ डिसेंबर २०१९, रविवारची संध्याकाळ. पिंपरी-चिंचवडच्या दापोडी-फुगेवाडी भागात ड्रेनेजलाइनसाठी खणलेल्या पंधरा-वीस फुटी खड्ड्यात एक तरुण मजूर मातीखाली सापडला. त्याला काढायला आसपासचे दोघे खाली उतरले आणि तेही अडकले. मग महापालिकेच्या अग्निशमन दलाची गाडी आली. जवानांनी त्या दोघांना वर काढलं. मजूर मात्र अजून खालीच होता, म्हणून जवान पुन्हा उतरले आणि कडेची माती त्यांच्यावरच आली. काहींना वाचवण्यात यश आलं. विशाल जाधव या जवानाचा मृत्यू झाला. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं (एनडीआरएफ) पथक आलं, लष्कराचे जवान आले, रात्रभर काम चाललं. मजुराचाही अखेर मृतदेहच हाती लागला.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत जे यायचं ते सगळं आलं: हळहळ, मानवंदना, ठेकेदाराच्या माणसांवर गुन्हा, निष्काळजीपणाची चर्चा. एक गोष्ट मात्र त्या गर्दीत मागे पडली. त्या खड्ड्यात तीन प्रकारची माणसं उतरली होती. पहिला पोटासाठी उतरला. जवान कर्तव्य म्हणून उतरले. मधले दोघे कशासाठी उतरले? त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता, त्यांच्याकडे दोर नव्हता, डोक्यावर टोपी नव्हती. खाली माणूस आहे एवढंच त्यांना कळलं होतं. या लेखाचा जीव खरं तर त्या दोघांपाशी आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकण-मावळापर्यंतच्या आपल्या या पट्ट्यात कोळशाची खाण नाही. कोळसा पाहायचा तर चंद्रपूर-वणीकडे जावं लागतं. पण जमिनीच्या पोटात माणसं उतरत नाहीत असा इथे एक दिवस जात नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, मागून बजाज आणि टेल्को आली, नव्वदच्या दशकानंतर चाकणच्या माळावर वाहन कंपन्यांच्या शेड चढत गेल्या. जितकी वस्ती वर चढली तितकंच खाली खणावं लागलं. पाण्याची लाइन, मैलापाण्याची लाइन, गॅस, केबल, मेट्रोच्या खांबांचे पाये, सोसायट्यांच्या भूमिगत टाक्या. ही खणती करणारा माणूस लातूर-नांदेडचा असतो, कलबुर्गी-विजापूरकडचा असतो, हल्ली झारखंड-ओडिशाचाही. चाकण एमआयडीसीत फिरताना एक विसंगती डोळ्यांत भरते. कंपनीच्या गेटच्या आत हेल्मेट आणि सेफ्टी शूजशिवाय पाऊल टाकता येत नाही आणि अपघाताविना किती दिवस गेले त्याचा फलक भिंतीवर असतो. त्याच कंपनीच्या कुंपणाबाहेर, रस्त्याकडेच्या चरात, स्लीपर घातलेला माणूस गळ्याइतक्या खोलीवर पाइपाचा सांधा जुळवत असतो. त्याचे दिवस कुठल्याही फलकावर मोजले जात नाहीत.

माती जीव कसा घेते हे ठाऊक नसल्यामुळेच पुष्कळ जण धावत जाऊन उडी मारतात. आपल्या मनात माती म्हणजे मऊ गोष्ट. घमेल्यात ती हलकीच वाटते. पण घनमीटरभर माती दीड-दोन टन भरते, म्हणजे एका लहान मोटारीहून जड. कमरेपर्यंत गाडला गेलेला धडधाकट माणूसही नुसत्या हाताला धरून उपसता येत नाही. छातीपर्यंत गाडला गेला तर नाकातोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर छाती आत जाते, मोकळी झालेली जागा माती घेते आणि पुढचा श्वास आधीच्याहून लहान होतो. दुसरी गोष्ट, चराची एक कड कोसळली की समोरची आणि बाजूची कडही आधार गमावून बसते. त्यात रस्त्याखालची जमीन बहुधा भरावाची, जुन्या लाइनींसाठी दोन-तीनदा उकरलेली. वर मुरमाचा ढीग अगदी काठाला लावलेला, त्यावर पोकलेन उभं आणि बघ्यांची गर्दी. काठावर वाढलेल्या प्रत्येक माणसाचं वजन खालच्याच्या छातीकडे सरकत असतं. वाकून बघणाऱ्यांना हे सांगायचं तरी कुणी?

यावर उपाय नवा नाही, महागही नाही. खोदकामाच्या सुरक्षेचं भारतीय मानक, आयएस ३७६४, सांगतं की दीड मीटरहून खोल चराच्या कडांना फळ्या आणि टेकू लावून आधार द्यायचा, आणि निघालेली माती काठापासून किमान दीड मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यांतलं जे जास्त असेल तितकी, दूर टाकायची. फळ्या, आडवे टेकू, एक शिडी. पण फळी लावायला वेळ जातो, माती दूर टाकायला रस्ता अडतो, आणि बिल निघतं ते टाकलेल्या पाइपाच्या मीटरवर. गिऱ्हाईक म्हणून आपणही ‘खड्डा कधी बुजवणार’ एवढंच विचारत असतो.

दापोडीतल्या त्या दोघांसारखी माणसं जगभर मरतात. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेने १९८६ साली एक इशारा प्रसिद्ध केला होता. टाक्या, मॅनहोल, खड्डे अशा कोंदट जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण मुळात वाचवायला गेलेले असतात, असं त्यात म्हटलं होतं. आकडा दचकवणारा आहे, पण ज्यांनी अशी एक तरी घटना पाहिली आहे त्यांना तो खोटा वाटणार नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या पूर्वेला, लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत, सेप्टिक टाकी साफ करताना चौघं एकापाठोपाठ गेले. आतला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, पहिला माणूस खाली पडलेला दिसतो आणि दुसरा उतरतो. तो तिथे थांबून विचार करत बसला असता तर जगला असता, हे खरं. पण थांबणं ज्याला जमतं अशा माणसांच्या शेजारात राहायला आपल्यापैकी किती जण तयार होतील?

म्हणून ‘उडी मारू नका’ एवढंच सांगून भागत नाही. खाणकामगारांनी हे फार आधी ओळखलं होतं. १० मार्च १९०६ रोजी उत्तर फ्रान्समधल्या कूरियेर इथल्या कोळसाखाणीत स्फोट झाला आणि १०९९ माणसं मेली. फ्रान्स-जर्मनी युद्धाला तेव्हा जेमतेम पस्तीस वर्षं झाली होती, दोन्हीकडे जुनं वैर ताजं होतं. तरीही जर्मनीच्या वेस्टफेलियातून खाणकामगारांची पथकं सीमा ओलांडून आली. येताना ती श्वसनयंत्रं घेऊन आली, आणि विषारी हवेत ती यंत्रं लावून काम कसं करायचं याचा सराव त्यांना होता. जिवंत माणूस फारसा त्यांच्या हाती लागला नाही. तेरा जण अंधारात चाचपडत वीस दिवसांनी आपण होऊन बाहेर आले. पण जर्मन खाणकामगार फ्रेंच मृतांसाठी खाली उतरले ही बातमी युरोपभर गेली, आणि खाणींसाठी सज्ज बचाव केंद्रं हवीत या मागणीला जोर चढला. माणुसकी आणि यंत्र एकाच गाडीतून आलं, हे मला यातलं महत्त्वाचं वाटतं. नुसती माणुसकी आली असती तर मृतांची यादी लांबली असती.

आपल्याकडे याचं सगळ्यात देखणं उदाहरण नोव्हेंबर १९८९ मधलं, राणीगंजच्या महाबीर कोळसाखाणीचं. पाणी शिरलं, ७१ जण अडकले, सहा बुडाले. वरून भोक पाडून, माणूस उभा मावेल असा पोलादी पिंजरा बनवून उरलेल्या ६५ जणांना एकेक करून वर खेचलं. ती कल्पना राबवणारे अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः पहिल्यांदा पिंजऱ्यातून खाली गेले आणि सगळे वर पोचल्यावर शेवटी निघाले. त्यांचं धाडस मोठंच, पण भोक कुठे पाडायचं याची आकडेमोड आधी झाली होती.

आपल्या पट्ट्याकडे परत यायचं तर वाट सुदुंब्र्यावरून जाते. तळेगाव आणि चाकणच्या मधे, देहूहून हाकेच्या अंतरावर हे गाव. तुकोबांच्या अभंगांचे लेखनिक संताजी जगनाडे यांची समाधी इथे आहे. त्यांच्या अखेरची आख्यायिका मावळात घरोघर सांगतात. संताजींना मूठमाती देताना कितीही माती लोटली तरी चेहरा झाकेना. तुकोबा आणि संताजी या दोघांचं वचन होतं, जो मागे राहील त्याने दुसऱ्याला माती द्यायची. तुकोबा आधी वैकुंठाला गेलेले. ते परत आले, तीन मुठी माती टाकली, तेव्हा संताजी निवले. आज त्याच सुदुंब्र्यात एनडीआरएफच्या पाचव्या बटालियनचा तळ आहे. या जवानांचं काम माणसांवरची माती काढण्याचं. योगायोगच, पण एरवी गंभीर असलेल्या भूगोलाला कधीकधी अशी लहर येते.

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, २००६ साली हे दल उभं राहिलं. सुदुंब्र्याची पथकं महाराष्ट्रभर आणि बाहेरही जातात. पुणे जिल्ह्याने त्यांना सगळ्यात जास्त पाहिलं ते माळीणला. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि आंबेगाव तालुक्यातलं गाव गाडलं गेलं. पहिली खबर एसटीच्या चालकामुळे बाहेर पोचली. त्याला रोजच्या ठिकाणी गाव दिसेना. पावसात, चिखलात आठवडाभर शोध चालला. १५१ जण गेले. पहिल्याच दिवशी एक आई आणि तिचं काही महिन्यांचं बाळ जिवंत निघालं, आणि त्या एका बातमीवर सगळ्या पथकांनी पुढचे दिवस काढले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मंचरजवळच्या थोरांदळ्यात एका मजूर कुटुंबाचा सहा वर्षांचा मुलगा बोअरवेलच्या भोकात पडून साधारण दहा फुटांवर अडकला. शेजारी समांतर खड्डा घेऊन रात्रभर काम करत त्याला सुखरूप काढलं. त्या रात्री घाई करून थेट भोकाशेजारी जेसीबीचा दात घातला असता तर काय झालं असतं, हे दापोडीवरून ओळखता येतं.

ढिगारा उपसण्याच्या कामातला सगळ्यात अवघड भाग मला वाटतं गप्प राहण्याचा आहे. थोड्या थोड्या वेळाने यंत्रं बंद करतात, शिट्टी वाजते, सगळ्यांनी श्वाससुद्धा हळू घ्यायचा आणि खालून काही ऐकू येतं का ते ऐकायचं. नातेवाइकांच्या आक्रोशात, पुढाऱ्यांच्या गाड्यांत, मोबाइल उंचावलेल्या गर्दीत ही दोन मिनिटं मिळवणं किती कठीण असतं हे दलातली माणसंच जाणोत.

सरकारी पथक कितीही जवळ असलं तरी पहिला तास शेजाऱ्याचाच. १५ जून २०२५ च्या रविवारी इंदोरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांसकट कोसळला. चौघे गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. एनडीआरएफचा तळ जवळच, पण तिथेही सुरुवातीला पाण्यात उतरले ते गावकरी, आणि पाठोपाठ मावळातली स्वयंसेवी पथकं. लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र, मावळचं वन्यजीव रक्षक ही मंडळी घरदार, नोकरी-धंदा सांभाळून वर्षानुवर्षं दरीतून, धरणातून माणसं काढतात. मात्र शेजाऱ्याची ओढ तीच ठेवून त्यांनी दोर, गाठी आणि थांबणं शिकून घेतलं आहे. दापोडीतल्या त्या दोघांना हे शिकवणारं कुणी भेटलं असतं तर तेही उतरलेच असते. फक्त आधी काठावरची गर्दी मागे हटवली असती आणि दोन फळ्या आडव्या टाकल्या असत्या.

२०२३ च्या दिवाळीत तर अख्ख्या देशाने हा धडा टीव्हीवर पाहिला. १२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे, उत्तरकाशीजवळ सिलक्याऱ्याच्या साडेचार किलोमीटरच्या बोगद्याचा एक भाग कोसळला. साठएक मीटरच्या ढिगाऱ्यापलीकडे ४१ कामगार अडकले. चार इंची पाइपातून हवा, कुरमुरे आणि चणे जात राहिले. नंतर सहा इंची पाइप पोचला तेव्हा बाटल्यांतून खिचडी गेली. ढिगाऱ्यातून आडवं भोक पाडणारं अमेरिकी बनावटीचं ऑगर यंत्र शेवटच्या दहा-बारा मीटरवर लोखंडात अडकून मोडलं. मग बोलावले गेले ‘रॅट होल’ पद्धतीने खणणारे बारा जण. अरुंद पाइपात एकाने खणायचं, दुसऱ्याने माती भरायची, तिसऱ्याने मागे ओढायची. मेघालयातल्या कोळशासाठी ज्या पद्धतीवर हरित लवादाने २०१४ सालीच बंदी घातली होती, त्याच पद्धतीने २८ नोव्हेंबरच्या रात्री ४१ जण बाहेर आले. आतल्या फोरमन गब्बरसिंह नेगींनी सगळ्यांना योग, खेळ, गप्पांत गुंतवून ठेवलं होतं आणि आपण शेवटी निघू असं सांगितलं होतं.

हे बारा जण कोण होते ते पाहिलं की आपला पट्टा पुन्हा समोर येतो. त्यांचा मुक्काम दिल्ली-उत्तर प्रदेशातला, हिंदू-मुसलमान मिळून. रोजचं काम शहरांच्या रस्त्यांखालून पाण्याच्या आणि मैलापाण्याच्या लाइनी ढकलण्याचं. म्हणजे दापोडीच्या खड्ड्यातल्या मजुराचेच भाऊबंद. अडकलेलाही तोच, सोडवणाराही तोच, आणि दोघांचं नाव आपल्याला एका आठवड्यापुरतंच ऐकू येतं. त्यांनी या कामाचे पैसे मागितले नाहीत. देशाने हार घातले. त्या पथकाचे प्रमुख वकील हसन यांचं दिल्लीच्या खजुरी खासमधलं घर फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस दिल्ली विकास प्राधिकरणाने अतिक्रमण म्हणून पाडलं. सत्कार आणि बुलडोझर यांच्यात तीन महिनेच गेले. वीर म्हणून हार घातला की हिशेब पुरा झाला असं आपण फार लवकर धरतो, म्हणून मला या सत्कारांची धास्ती वाटते.

सोडवायला कुणीतरी यायचं तर आधी कुणीतरी हरवलंय हे कळावं लागतं. १ ऑगस्ट २०२३ रोजी इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाच्या वाडीत विहिरीच्या रिंगचं काम करताना मातीसकट रिंग कोसळली आणि चार मजूर शंभर फुटांहून खोल गाडले गेले. माणसं संध्याकाळी घरी आली नाहीत, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. सुदुंब्र्याचं पथक आलं, पोकलेन लागले, दिवसरात्र माती उपसली. तीन दिवसांच्या उपशानंतर चौघांचे मृतदेह निघाले. ज्या तासांना खरी किंमत होती ते माती पडल्यापासून घरची माणसं काळजीत पडेपर्यंत निघून गेले होते.

खाणीत असं होत नाही. तिथे खाली जाणाऱ्याची नोंद होते, टोपीचा दिवा नंबरावर दिला जातो, पाळी संपल्यावर दिवा परत आला नाही की माणूस शोधायचा. महाबीरमध्ये ७१ हा आकडा सुरुवातीपासून ठाऊक होता, म्हणून शेवटच्या माणसापर्यंत पिंजरा खाली जात राहिला. चाकणच्या कंपनीत गेटवरचं पंचिंग मशीन हेच काम करतं. चरात, विहिरीत, टाकीत उतरणाऱ्याचं नाव मुकादमाच्या वहीत असतं ते हजेरीच्या पैशांपुरतं, आणि मुकादम दुसऱ्या साइटवर असतो. शेजारच्या पानवाल्याला, रखवालदाराला किंवा समोरच्या बाल्कनीतल्या आजींना खाली किती जण उतरलेत ते बहुधा त्याच्याहून जास्त ठाऊक असतं, पण त्यांना विचारायची कुणाची पद्धत नाही. कुणी सकाळी त्या मजुरांना पाणी दिलेलं असतं, कुणी गाव विचारलेलं असतं. अग्निशमन दलाची गाडी आल्यावर खाली दोघे आहेत की तिघे हे सांगणारा आवाज बहुतेक वेळा याच माणसांतून येतो.

सिलक्याऱ्यासारख्या मोठ्या सरकारी कामावरही, जिथे कंपनी होती, रजिस्टर होतं, साऱ्या देशाचे कॅमेरे होते, तिथे पहिल्या यादीत अडकलेल्यांचा आकडा ४० होता. बिहारचा आणखी एक कामगार आत आहे हे अधिकाऱ्यांना पाच-सहा दिवसांनी कळलं आणि मग यादी ४१ ची झाली.